रात्री एक वाजता १०२ ताप: धावायचं की थांबायचं?

धायरीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. घरात साडेतीन वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. नवऱ्याची चाकणला शिफ्टची नोकरी, त्यामुळे रात्री बऱ्याचदा त्या एकट्याच. मागच्या महिन्यात रात्री एक वाजता मुलाला १०२ ताप भरला. रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं, दोन तास बसल्या, पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं. पुढे पंधरा दिवसांनी सासूबाई नुसतं "गळून गेल्यासारखं वाटतंय" म्हणत होत्या. ताप ९९च्या वर गेला नाही, म्हणून दोन दिवस वाट पाहिली, तर न्यूमोनिया निघाला आणि पाच दिवस ॲडमिट करावं लागलं. "एकदा उगाच धावले, एकदा उगाच थांबले. घरात कोणती औषधं ठेवू म्हणजे असं होणार नाही?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, औषधांकडे मी शेवटी येतो, कारण तुमची अडचण औषधांची नाही. दोन्ही वेळेला तुम्ही एकच माप लावलंत, थर्मामीटरचा आकडा. लहान मुलात तो आकडा आजारापेक्षा मोठा दिसतो आणि म्हाताऱ्या माणसात आजारापेक्षा लहान. मी गेली २६ वर्षं पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतोय, आणि तुमच्यासारखी चूक हुशार, काळजी घेणाऱ्या घरांत नेहमी होताना पाहतो. त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

आधी एक अट. मी पुढे जे थांबण्याबद्दल लिहितोय ते सगळ्यांना लागू नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, डायलिसिसवर असलेला किंवा कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेला माणूस, रोज स्टेरॉइड घेणारा रुग्ण, यांना १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी प्रयोग नको, त्याच दिवशी, बाळ असेल तर त्याच तासाला डॉक्टर.

बाकीच्यांसाठी, घरी थांबणं आणि आजार अंगावर काढणं यात फरक आहे. अंगावर काढतो तेव्हा चार तासांपूर्वी माणूस कसा होता हे कुणालाच सांगता येत नाही. नीट थांबतो तेव्हा ते लिहिलेलं असतं. माझी एक पेशंट मुलाची जुनी शाळेची वही घेऊन येते. एका पानावर असं होतं: "रात्री १.१०, ताप १०२.२, औषध ४ मिली. २.००, ताप १००.८, पाणी प्यायला, गाडी मागितली. पहाटे ५, शू झाली, झोपला." त्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द माझ्या दृष्टीनं 'गाडी' हा आहे. ताप एका अंशानं उतरताच जे मूल खेळणं मागतं, त्याला सकाळपर्यंत घरी ठेवायला हरकत नसते. औषध देऊन तास झाला, ताप उतरलाही, तरी मूल मलूल पडून आहे, नजर देत नाही, प्यायला तयार नाही, तर आकडा १००च का असेना, निघा.

"ताप डोक्यात जाईल" ही भीती मी रोज ऐकतो. साध्या संसर्गाच्या १०२-१०३ तापानं मेंदूला इजा होत नाही. काही मुलांना, साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात, ताप चढताना झटका येतो. बघायला तो फार भयंकर असतो, मी समजू शकतो. त्या वेळी मुलाला एका कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ला फोन. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर त्याच रात्री डॉक्टरांना दाखवायचं.

आता डोस, कारण इथे घरोघरी गोंधळ असतो. पॅरासिटामॉल मुलाच्या वयावर नाही, वजनावर देतात. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. तुमचा मुलगा १४ किलोचा धरला तर एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम. पण बाजारात वेगवेगळ्या ताकदीची औषधं मिळतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ८ मिली लागेल, ५ मिलीत २५० असेल तर ४ मिली पुरेल, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलीत १०० असतं. ड्रॉप्सची बाटली चुकून सिरपसारखी वापरून कुणी पाच मिली दिलं की ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं. म्हणून "एक चमचा दिला" असं नाही, बाटलीवरचा आकडा वाचून, टोपणाच्या मापानं किंवा सिरिंजनं. सर्दीच्या बऱ्याच मिश्र औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेव्हा दोन्ही एकदम दिलं की डोस दुप्पट होतो. आणि ताप असताना पंखा बंद करून दोन गोधड्या घालू नका. सुती कपडे, वारा, हवं तर कोमट पाण्यानं अंग पुसणं. बर्फाचं पाणी नको, त्यानं हुडहुडी भरते आणि ताप उलट वाढतो.

खोकला-सर्दी असेल तर ताप बाजूला ठेवा आणि छाती बघा. मूल झोपलेलं किंवा शांत असताना सदरा वर करून, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिने ते एक वर्षात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजत बसायचंच नाही, उठायचं. हे मोजणं मी आयांना दवाखान्यात करून दाखवतो, पाच मिनिटांत जमतं, आणि माझ्या मते थर्मामीटरपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

ताप तीन दिवसांपलीकडे गेला तर, मूल खेळत असलं तरी, दाखवून घ्यायचं. पण जुलै ते नोव्हेंबर पुण्यात मी तीन दिवसही थांबू देत नाही. कारण डेंग्यू.

डेंग्यूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच मी स्वतः एकदा धडा घेतला. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एक विद्यार्थी चार दिवसांच्या तापानंतर आला. ताप उतरला होता. मी म्हटलं, छान, आता आराम कर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे मित्र त्याला उचलून घेऊन आले: पोटात कळा, सारख्या उलट्या, हातपाय गार, नाडी लागत नव्हती. आयसीयूत राहून तो वाचला. पण तेव्हापासून ताप उतरलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला मी "उद्या परत दाखवा" म्हटल्याशिवाय सोडलेलं नाही. या आजारात धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नसतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरायला लागतो, आणि त्यानंतरचे २४ ते ४८ तास सांभाळायचे असतात. त्या वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होत जातं. घरचे मात्र नेमके तेव्हाच निर्धास्त होतात, रजा संपवून कामावर जातात.

तेव्हा वहीत तापाचा पहिला दिवस ठळक लिहा. चौथा दिवस आहे की सहावा, हे मला तपासणीइतकंच उपयोगाचं असतं. डेंग्यूसाठी रक्ताच्या दोन तपासण्या असतात: पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस१ करायची, नंतर आयजीएम. पोटात जोरात दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, विलक्षण सुस्ती किंवा उलट बेचैनी, सहा तासांत शू न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यामागे लागू नका. पपईच्या पानांचा रस देणारी घरं मी ओरडून परत पाठवत नाही, पण त्या रसानं उलट्या होत असतील तर तो बंद, आणि त्याच्या भरवशावर फेरतपासणी टाळायची नाही. एक गोष्ट मात्र कडक: डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नाही. फक्त पॅरासिटामॉल. घरात कुणी हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतःहून बंद करू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात: आकड्यापेक्षा मूल कसं आहे ते बघा, औषध वजनावर द्या, श्वास मोजा, पहिला दिवस लिहून ठेवा, आणि पावसाळ्यात ताप उतरला म्हणून वही बंद करू नका.

जुलाबात घरी करण्यासारखं सर्वात जास्त असतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. इतकं मोठं औषध काही रुपयांच्या ओआरएसच्या पुडीत मिळतं, आणि तरी लोक मला "एक सलाईन लावून टाका" म्हणतात. मूल पीत असेल, उलटी थांबत असेल, तर सलाईनची गरज नाही.

फक्त पुडी नीट कालवा. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलीत, पुडीवर लिहिलेलं असतं. अर्धी आज ग्लासात, अर्धी उद्या, असं करू नका, मिश्रण जास्त तीव्र झालं तर अपाय होतो. मी तर सांगतो, घरातल्या एका तांब्यात किंवा बाटलीत एकदा लिटर मोजून तिथे खूण करून ठेवा. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चमच्या-चमच्यानं. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली ती याचमुळे. जेवण बंद करू नका, मऊ भात, वरण, ताक, केळं चालतं. आठ तास शू नाही, डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू नाहीत, शीतून रक्त, किंवा सारखी झोप, हे दिसलं की हॉस्पिटल.

तुम्ही धायरीच्या आहात म्हणून आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) रुग्ण वाढले होते, ते तुमच्या लक्षात असेलच. अनेकांना आधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. जुलाबानंतर हा आजार क्वचितच होतो, घाबरून राहायचं कारण नाही. पण जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या, जिना चढताना पाय साथ न देणं, चप्पल पायातून निसटणं असं सुरू झालं आणि ते रोज वर सरकत असेल, तर अशक्तपणा म्हणून टॉनिक आणू नका. न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या हॉस्पिटलात त्याच दिवशी जा. पिण्याचं पाणी खळाळून उकळा, चिकन पूर्ण शिजवा.

आता सासूबाई. वय झालं की शरीर तापाला पूर्वीसारखं पेटत नाही. न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग असूनही ताप ९९च राहू शकतो. त्यांच्यात आजार वेगळ्या दारानं येतो: अचानक बरळणं, माणसं न ओळखणं, तोल जाऊन पडणं, अंथरुणात लघवी होणं, दोन घासांवर ताट सारणं. असा बदल एक-दोन दिवसांत झाला असेल तर त्याला "वय झालं" म्हणू नका, वय एका रात्रीत होत नाही. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर सेल बदलून घ्या. बोट गार किंवा मेंदी लावलेलं नसावं, हात टेकवून मिनिटभर ठेवायचा. ९४च्या खाली असेल तर डॉक्टर, ९०च्या आसपास असेल तर ॲम्ब्युलन्स. मिनिटाला श्वास २४च्या वर गेले तरी डॉक्टरांना दाखवा. ज्यांना जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, तो बरं असताना लिहून ठेवावा.

मधुमेहींना साखर वाढण्यापेक्षा उतरण्याची भीती घरी जास्त बाळगावी. दरवर्षी निर्जला एकादशीच्या आसपास माझ्याकडे असं घडतंच. एक आजी, सकाळी साखरेची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, उपवास म्हणून पोटात काही नाही. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरताहेत, सुनेला मुलीच्या नावानं हाका मारताहेत. घरचे म्हणाले, उपवासाचा थकवा, जरा पडू दे. शेजारच्या नर्सबाईंनी बोटातून रक्त काढून बघितलं, साखर ४८. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी त्या सुनेला सुनेच्याच नावानं हाक मारत होत्या. ७०च्या खाली साखर म्हणजे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, आणि सुधारल्यावर खाणं. मशीन जवळ नसेल तर साखर देऊन टाका, चूक झाली तरी त्यानं लगेच नुकसान होत नाही. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. आणि उलट्या-जुलाब किंवा उपवासाच्या दिवशी कोणती गोळी थांबवायची, हे त्यांच्या डॉक्टरांकडून आताच लिहून घ्या.

दोन गोष्टींत घरी काहीच बघत बसायचं नाही. एक, छातीत दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ. मधुमेही बायकांत कधी कधी नुसती "घशाशी येतंय, जीव घाबरतोय" एवढीच तक्रार असते. सोडा पिऊन ढेकर येतो का ते बघण्यात किती जणांचा वेळ गेलाय, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरी, तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, शब्द अडखळतात. तेव्हा शेवटचं नीट कधी होते ती वेळ लिहा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं, आणि सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी त्यातला किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहे. वाटेत बीपीची जास्तीची गोळी देऊ नका.

आता औषधं. थर्मामीटर, मुलाच्या वजनाप्रमाणे डोस लिहिलेली पॅरासिटामॉलची एकच बाटली, मोठ्यांसाठी गोळ्या, ओआरएसच्या चार पुड्या, ग्लुकोमीटर आणि न संपलेल्या तारखेच्या पट्ट्या. एवढं पुरे. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक ठेवू नका. मेडिकलमधून "तापाची" म्हणून घेतलेली निमेसुलाइड मुलाला देऊ नका, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ती आपल्याकडे २०११ पासून बंद आहे. जुलाब बांधून ठेवणारी गोळी लहान मुलांना नको. खोकल्याची सिरपं दोन वर्षांखाली देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नको. तुमच्या मुलाला रात्री खोकल्यासाठी चमचाभर मध चालेल. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट किंवा हळद नाही. फ्रिजवर एक कागद चिकटवा: मुलाचं वजन, सासूबाईंच्या गोळ्यांची नावं, रात्री लहान मुलांचे डॉक्टर कुठे असतात, सीटी स्कॅन कुठे आहे, आणि रात्री दार वाजवलं तर येईल अशा एका शेजाऱ्याचा फोन.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सासूबाई काही सांगतच नाहीत, विचारलं की "बरं आहे" म्हणतात. त्या पिढीला सुनेला त्रास द्यायचा नसतो. तेव्हा त्यांना बरं वाटतंय का असं विचारू नका. त्या रोज काय करतात ते ध्यानात ठेवा: किती वाजता उठतात, अर्धी भाकरी खातात की पूर्ण, संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसतात का. ज्या सकाळी त्या "आज तूच दिवा लाव गं" म्हणतील, त्या सकाळी श्वास मोजा, ऑक्सिमीटर लावा, साखर बघा, आणि ताप ९८ असला तरी दुपारच्या आत दवाखान्यात घेऊन या.